जास्तीची वायर

१

ओस्टबीबाईंच्या घराकडे जाणारा रस्ता आर्विड सालोने अकरा वर्षं टाळला होता. त्यापलीकडच्या तळ्याकाठी कोणाच्या घराला ऊब देणारी भट्टी बिघडली तरी तो दुरुस्तीला नऊ मैलांचा वळसा घालून जायचा, आणि कोणी विचारलंच तर म्हणायचा, पुलावर बर्फ साचतो. पुलावर बर्फ साचत नसे.

त्या मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास ऑफिसातून लोइसचा फोन आला. गावातल्या सगळ्या बंद पडलेल्या भट्ट्यांची गाऱ्हाणी आधी तिच्या कानावर जातात.

"आर्विड, नाही म्हणायचं नाही. ओस्टबीच्या जुन्या घरात भाडेकरू आलेत. पोरगी एकटी आहे, सात आठवड्यांचं बाळ, नवरा तिकडे डाकोटात तेलविहिरीवर. भट्टी आठवडाभर नखरे करतेय, आज सकाळपासून ठार बंद."

"मर्लला पाठव."

"मर्ल साठ मैलांवर शाळेच्या बॉयलरमध्ये डोकं घालून बसलाय. तुला काय झालंय? तिथे कोणी चावतं का?"

"अगं, पुलावर..."

"पुलावर बर्फ साचत नाही, आर्विड. माझं माहेर तिकडचंच आहे."

बाहेर उणे अठ्ठावीस होतं. उत्तर मिनेसोटात डॉक्टर उशिरा आला तर लोक समजून घेतात, भट्टीवाला आला तर नाही. आर्विडने थर्मास भरला आणि निघाला. पूल कोरडा ठणठणीत होता.

दार उघडणाऱ्या मुलीचं नाव ब्रिटा. अंगात कोट, कोटाच्या आत छातीशी बांधलेलं बाळ, बाळाची लोकरी टोपी तेवढी बाहेर. आर्विडने बूट काढून दाराशी चटईवर ठेवले आणि मोज्यांवर आत आला. भिंतीवरचा फॅरनहाइटचा काटा सत्तरावर असायला हवा होता, तो बावन्नावर होता.

"आधी कॉफी घ्या," ब्रिटा म्हणाली.

"नको नको."

"केलेलीच आहे हो."

"उगाच कशाला त्रास?"

"अर्धा कप तरी."

"बरं, असेल तर."

आमच्याकडे हे असंच चालतं. पहिला नकार म्हणजे नमस्कार, दुसरा म्हणजे आभार, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर जे तोंडातून निघेल ते खरं उत्तर. पाळण्यातली पोरंसुद्धा हे शिकूनच बाहेर येत असावीत. पहिल्या नकारावर किटली उचलून नेणाऱ्या माणसाला इथे कोणी माणसात धरत नाही.

आर्विडने कॉफी उभ्यानेच प्यायली. उत्तरेकडच्या खोलीच्या बंद दाराकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

२

तळघरात मात्र त्याला जरा बरं वाटलं. भट्टी नवी होती, त्याच्या वेळची नव्हती. जुनी कोणीतरी काढून नेलेली होती. त्याने पुढचा पत्रा उतरवला, पत्र्यामागचं सुरक्षेचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं आणि टॉर्च बोर्डावर धरली. बोटाच्या पेराएवढा जांभळा फ्यूज जळला होता. हे दुखणं साधं. कुठेतरी दोन वायरी एकमेकींना चिकटल्या असणार. दहातल्या नऊ वेळा ते उंदराचं काम असतं, दहाव्या वेळी कोणातरी शहाण्याने खिळा वायरीतून ठोकलेला असतो.

त्याने नवा फ्यूज बसवला. तोही 'टच्' करून गेला. खिशात आणखी चार होते.

मग नेहमीच्या पद्धतीने तो एकेक वायर सोडवायला लागला, आणि थांबला. थर्मोस्टॅटच्या दोन स्क्रूंखाली एकेक वायर असायला हवी, तिथे दोन-दोन होत्या. एक जोडी नवी, ती पुढच्या खोलीतल्या थर्मोस्टॅटची. दुसरी जुनी, सुती वेष्टणाची, धुराने काळवंडलेली. नवी भट्टी बसवणाऱ्याने काही न विचारता ती तशीच जोडून टाकली होती. ती जोडी तुळईच्या कडेने सरळ उत्तरेकडे जात होती.

थर्मोस्टॅट म्हणजे शेवटी एक बटणच. गार पडलं की तो दोन वायरी जोडतो, आणि भट्टीला कळतं की वर कोणाला तरी थंडी वाजतेय. आर्विडने जुनी जोडी स्क्रूखालून सोडवली आणि तिच्या टोकांना मीटरच्या सुया लावल्या.

मीटर वाजला. म्हणजे जोडलेलं. मग थांबला. पुन्हा वाजला, थांबला. पुन्हा वाजला. मग बराच वेळ काहीच नाही. मग परत तसंच, तीनदा.

"सैल झालीय कुठेतरी," आर्विड स्वतःशी मोठ्याने म्हणाला. सैल वायर हादऱ्याने अशी जोडते-तुटते. चाळीस वर्षं त्याने हेच पाहिलं होतं. पण भट्टी बंद होती, पंखा बंद होता, बाहेर वारासुद्धा नव्हता. हादरा यायचा कुठून?

३

"ती उत्तरेकडची खोली आम्ही वापरतच नाही," ब्रिटा जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली. "दार अडकलंय. माझ्या नवऱ्याने, कोडीने खांदा लावून पाहिला, हललं नाही. घरमालक म्हणाला, उन्हाळ्यात बघू."

आर्विडने मूठ फिरवली आणि दार सहज उघडलं. बिजागरी कुरकुरलीसुद्धा नाही.

"अगंबाई," ब्रिटा म्हणाली, आणि बाळाच्या टोपीवर हात ठेवून दोन पावलं मागे सरकली.

खोली रिकामी होती. एक खिडकी, विटका हिरवा गालिचा, आणि भिंतीवर जुना गोल थर्मोस्टॅट. त्यातल्या काचेच्या नळीत पाऱ्याचा थेंब असतो. पट्टी वर सरकवली की थेंब घरंगळतो आणि वायरी जोडल्या जातात. पट्टी पार टोकाला होती, नव्वदावर. एवढं ऊबदार घर आमच्याकडे कोणालाच परवडत नाही. आर्विडने ती खाली ओढून शेवटच्या खुणेवर आणली आणि थेंब दुसऱ्या टोकाला गेल्याची खात्री करून घेतली.

मग त्याला खिडकी दिसली. काचेवर आतून बोटभर जाड दव गोठलं होतं, पण मधोमध तळहाताएवढी जागा पुसलेली होती. तिच्यातून अंगण दिसत होतं, त्याची व्हॅन दिसत होती. पुसलेल्या जागेच्या कडा अजून ओल्या होत्या.

"ही काच तुम्ही पुसलीत?"

"मी? मी आत कुठे आलेय?"

गालिच्यावर खिडकीसमोर खुर्चीच्या चार पायांचे चार खड्डे होते. अकरा वर्षांत गालिच्याचे केस वर यायला हवे होते. आर्विड त्या चार खड्ड्यांना वळसा घालून बाहेर आला. का घातला हे त्याने स्वतःला विचारलं नाही. दार ओढून घेताना त्याच्या हाताला घाम आला होता, आणि खोलीत तर श्वासाची वाफ दिसत होती.

तळघरात येऊन त्याने पुन्हा सुया लावल्या. पट्टी त्याने स्वतःच्या हाताने खाली केली होती. मीटर वाजला, तीनदा.

४

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. आर्विडच्या मनात ते अकरा वर्षं होतं.

त्या जानेवारीत हिल्डुर ओस्टबी या घरात एकट्या राहायच्या. वय एक्क्याऐंशी, कमरेत वाकलेल्या, आवाज खणखणीत. आर्विडने त्यांची जुनी भट्टी तपासली तर आतलं लोखंड तडकलेलं. अशी भट्टी चालू ठेवली तर घरात विषारी वायू भरतो. त्याने नियमाने गॅस बंद केला, लाल चिठ्ठी लटकावली आणि सांगितलं, भाग उद्या येईल.

"आमच्याकडे चला आजची रात्र," तो म्हणाला होता. "वर्ना मागची खोली तयार करेल."

"छे छे, कशाला? माझ्याकडे विजेचा हीटर आहे."

बस्स. तो एकदाच बोलला. मुलीची हॉकीची मॅच साडेचारला होती आणि सव्वाचार वाजले होते. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर त्या पुन्हा नको म्हणाल्या असत्या, तिसऱ्यांदा विचारल्यावर कोट शोधला असता, बॅग भरली असती, मांजराला खायला घातलं असतं. अर्धा तास गेला असता. हे सगळं त्याला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच तो दुसऱ्यांदा बोलला नाही.

तो अंगणातून गाडी वळवत असताना दारावरचा दिवा लागला आणि विझला. तीनदा. आमच्याकडे पाहुणा निघाला की यजमान दिवा असा लावतो-विझवतो, आणि गाडीवाला दोनदा भोंगा वाजवतो. आर्विडने भोंगा वाजवला आणि गेला. हिमवादळ त्याच संध्याकाळी सुटलं. दोन दिवस रस्ते बंद होते. हीटरने घराचा फ्यूज उडवला होता, तो बदलायला ओस्टबीबाईंचा हात पोचला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या उत्तरेकडच्या खोलीत, खिडकीसमोरच्या खुर्चीत सापडल्या. अंगात कोट, डोक्याला रुमाल, मांडीवर काळी हातबॅग. पायांत बूट. जन्मात कधी घरात बूट न घातलेली बाई बूट घालून, दोऱ्या बांधून बसली होती. तो दिवा निरोपाचा नव्हता, परत बोलावण्याचा होता, हे आर्विडला ते बूट पाहिल्यावर कळलं.

"तू त्यांना बरोबर चला म्हणाला होतास ना?" शेरीफच्या माणसाने विचारलं.

"म्हणालो होतो. तीनदा."

हेच त्याने बायकोला, वर्नाला सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं. लोक म्हणाले, तीनदा विचारल्यावर माणूस आणखी काय करणार? त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. तो हात त्याला अजून पाठीवर जाणवतो.

५

पक्कड घेऊन त्याने जुनी जोडी तुळईजवळ कापली. टोकं हवेत लोंबकळत राहिली. मग नवी वायर स्क्रूखाली घट्ट केली, फ्यूज बसवला, आणि भट्टी पेटली. निळ्या ज्योती एका रांगेत उभ्या राहिल्या, पंखा घुमला. वरून ब्रिटाचा आवाज आला, "आली, आली! ऊब आली!"

आर्विड हसला. उंदीर. उंदराशिवाय दुसरं काय असणार? एवढा चाळीस वर्षं मुरलेला कारागीर आणि घाबरतो कशाला, तर सुती वायरीला.

दहा मिनिटांनी 'टच्' झालं. त्याने फ्यूज बदलला. टच्. पुन्हा बदलला. टच्. चौथा तर जागेवर बसता बसताच गेला. जुनी वायर आता कशालाच जोडलेली नव्हती. तरी त्याने मीटर उचलला आणि लोंबणाऱ्या टोकांना सुया टेकवल्या. टेकवायला नको होत्या.

मीटर वाजला. तीनदा. मग थांबला, वाट पाहत असल्यासारखा.

आर्विड जिना चढून वर आला तेव्हा चार वाजून गेले होते. खिडक्यांतला उजेड निळा पडत चालला होता. काटा एकोणपन्नासावर.

"माझ्याकडचे फ्यूज संपले," तो म्हणाला. "उद्या सकाळी नवी वायर टाकून देतो. आज तुम्ही माझ्याबरोबर गावात चला."

"नको हो. गोधड्या आहेत भरपूर."

त्याच्या मनात एक कोपरा होता, तो एवढ्यावरच हातमोजे घालायला लागला होता. त्या कोपऱ्याची आर्विडला किळस आली.

"बाळाला घेऊन या थंडीत राहू नका. चला."

"तुम्हाला उगाच त्रास. माझी मावशी अगदी गावाच्या पलीकडच्या टोकाला राहते."

"ब्रिटा," तो म्हणाला. "मी तिसऱ्यांदा विचारतोय."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. पाच मिनिटं द्या."

सगळे दिवे तिने स्वतः मालवले, दाराला कुलूप लावलं. बाळाची खुर्ची पुढच्या बाकावर दोघांच्या मध्ये, मागे तोंड करून, पट्ट्याने बांधली. मागे नुसती अवजारं आणि घडीची एक जुनी सीट. आर्विडने गाडी वळवली. आरशात दारावरचा दिवा लागला. विझला. लागला.

"मी बंद केला होता," ब्रिटा म्हणाली. "कोडी आलाय की काय? पण गाडी कुठेय त्याची?"

आर्विडचा हात भोंग्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तो उतरला. "एक मिनिट. काहीतरी राहिलंय."

पायरीवर उभं राहून त्याने दाराच्या काचेतून आत पाहिलं. बोळात अंधार होता. उत्तरेकडचं दार, जे त्याने स्वतः ओढून घेतलं होतं, वीतभर उघडं होतं. त्या फटीत, कमरेच्या उंचीवर, लोकरीच्या हातमोज्यातला एक हात होता आणि हातात काळी बॅग. त्याहून वर त्याने पाहिलं नाही.

"मिसेस ओस्टबी," तो काचेला तोंड लावून म्हणाला, "आमच्याकडे चला."

हात हलला. डावीकडे, उजवीकडे. छे छे, कशाला?

"चला ना. वर्ना मागची खोली तयार करेल."

हात पुन्हा तसाच हलला, पण हळू. मग बॅग मनगटावरून वर सरकली आणि कोपरात अडकली. बायका निघायच्या वेळी अडकवतात तशी. आत लाकडी जमिनीवर बुटाचा आवाज झाला, एकच.

तिसऱ्यांदा काय उत्तर येणार हे त्याला ठाऊक होतं. व्हॅनमध्ये बाळ रडायला लागलं. आर्विडचं तोंड उघडं होतं, शब्द जिभेवर होते. ते त्याने गिळले आणि तो पळाला. साठीचा माणूस, बर्फावरून, दोनदा घसरत.

६

"मागे फार गार आहे का हो?" रस्त्यात ब्रिटाने विचारलं. गाडीतला हीटर पूर्ण सोडलेला होता, दोघांच्या कपाळावर घाम होता, आणि तरी मानेवर थंड झुळूक येत होती. बाळ रडायचं थांबलं होतं. आपल्या खुर्चीतून ते मागच्या अंधाराकडे एकटक बघत होतं. आर्विडने आरसा वर वळवून छताकडे केला.

मावशीच्या दारात ब्रिटा उतरली. निरोप लांबला, आभार झाले, उद्याची वेळ ठरली. दार लावता लावता ती सवयीने आत वाकून म्हणाली, "येते हं." आर्विड तर बाहेर तिच्या शेजारीच उभा होता. तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि मागे न बघता घरात गेली.

त्याच्या घरापर्यंत पुढे चार मैल होते. ते त्याने कसे काटले हे त्याला सांगता येणार नाही. घरी नाही तर कुठे जायचं, हा विचारही त्याच्या मनात आला. पण उणे तीसमध्ये माणूस जाऊन जाऊन कुठे जाणार?

वर्ना दारातच उभी होती, हात एप्रनला पुसत. स्वयंपाकघरातून मांस-बटाट्याचा वास येत होता. आर्विड धावत पायरीवर आला आणि दार अडवून उभा राहिला.

"आत चल, वर्ना. दार लाव."

"आधी सांगायचं नाही का रे, पाहुणे आणतोयस ते? मी बटाटे वाढवले असते." ती त्याच्या खांद्यावरून अंगणातल्या दिव्याखालच्या व्हॅनकडे बघत होती. "कोण आहेत त्या मागे बसलेल्या? लोइस सांगत होती त्या पोरीची आजी का?"

"कोणी नाही तिथे."

"मला काय डोळे नाहीत? रुमाल बांधलेली म्हातारी बाई आहे. मांडीवर बॅग घेऊन सरळ बसलीय बघ. या थंडीत गाडीत बसवून ठेवलंस? आत चला म्हणालास की नाही त्यांना?"

"म्हणालो."

"किती वेळा?"

अकरा वर्षं घोकलेलं उत्तर तोंडाशी आलं होतं. ते या वेळी बाहेर पडेना.

"दोनदा," तो म्हणाला. "आणि तेव्हा एकदाच. वर्ना, तेव्हा मी एकदाच विचारलं होतं गं. तुला खोटं सांगितलं. सगळ्यांना खोटं सांगितलं."

पण वर्नाचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतं. "दोनदा!" ती म्हणाली. "दोनदा विचारून आलास? शोभतं का तुला हे?" तिने त्याला कोपराने बाजूला केलं. तिच्या तोंडावर हात ठेवायला तो पुढे झाला, पण वर्ना चांगली उंच बाई आहे, आणि आवाजही तिचा मोठा आहे.

"अहो, या ना आत!" तिने अंगणाकडे तोंड करून हाक मारली. "बूट असू देत पायात."

व्हॅनचं मागचं दार सरकल्याचा आवाज आला. बर्फावर पावलं वाजली, हळूहळू, म्हाताऱ्या माणसाची. आर्विडने डोळे मिटून घेतले. पावलं पायरीपाशी आली तशी वर्ना हसतमुखाने दारातून बाजूला सरकली, आणि तिने वाट करून दिली.